नवीन कॉम्बो कार्ड दिसलं की झोप का उडते?

गेल्या अंकात मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेमबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की हा महिना सगळा त्यालाच देतेय. ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोघांकडे आपापला कमीत कमी 60 कार्डांचा डेक असतो, सुरुवातीला हातात 7 कार्डं, प्रत्येकाला 20 लाइफ, लँड (जमिनीची कार्डं) टॅप करून, म्हणजे आडवी करून, माना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) काढायचा, त्या मानावर कार्डं खेळायची आणि समोरच्याचं लाइफ शून्यावर आणलं की जिंकलात. कॉम्बो म्हणजे दोन-तीन कार्डं अशी जुळतात की त्यातून जे होतं ते त्यातल्या एकट्या कार्डाला जन्मात जमलं नसतं.

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच जण दर शनिवारी खेळतो. नवीन सेटची (नव्या कार्डांच्या संचाची) कार्डं दाखवायला सुरुवात झाली की माझं कशात लक्ष लागत नाही, एखादं जबरी कॉम्बो कार्ड दिसलं की रात्री दोन-दोनपर्यंत डेक बनवत बसतो. आणि कार्ड हातात आलं की महिन्याभरात कंटाळा येतो. असं का होतं?

तू घरी रमी खेळलायस का रे? हातात इस्पिकची छक्की आणि अठ्ठी आहे, सत्ती पाहिजे, तू गड्डीवरचा पत्ता उचलतोस आणि लगेच उलटा करत नाहीस, कोपरा हळूच वर करून बघतोस. त्या अर्ध्या सेकंदात जे पोटात होतं ना, तेच तुला नवीन कार्ड बघताना होतंय. फरक एवढाच की रमीत कुठल्या पत्त्याशी कुठला जुळतो हे आधीच ठरलेलं असतं, आणि मॅजिकमध्ये हजारो कार्डं आहेत, कुठलं कुठल्याशी जुळेल हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही, ते तुला स्वतःला दिसावं लागतं. हा गेम ज्याने बनवला तो रिचर्ड गारफिल्ड गणितातला माणूस, त्याची पीएचडी कॉम्बिनेटोरिक्समधली, म्हणजे गोष्टी किती प्रकारे एकत्र मांडता येतात त्या शास्त्रातली, आणि पीएचडीचं वर्षही 1993, गेम बाजारात आला ते वर्षही 1993. त्यामुळे तुला जे वाटतंय तो काही डोक्यातला बिघाड नाहीये, गेमच तसा रचलाय.

माझं सांगते. 2017 च्या सुरुवातीला डोंबिवलीला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही खेळायला बसलो होतो, पंखा बंद, कारण स्लीव्ह न घातलेली कार्डं उडतात, सगळे घामाघूम. तिने तिसऱ्या टर्नला सहेली राय ठेवली. नाव वाचून तुला कळलंच असेल, कलादेश नावाचा सेट 2016 मध्ये आला होता, त्यातलं जग भारतावरून सुचलेलं, साड्या, दागिने, पितळेची नक्षीदार यंत्रं असं सगळं (त्या जगाचं नाव 2025 च्या सेटमध्ये बदलून अविष्कार केलं, मला ते जास्त आवडतं). सहेली 3 मानाची, तिच्यावर 3 लॉयल्टी (तिची करामत वापरायचे पॉइंट), त्यातली 2 खर्च केली की आपल्या एखाद्या क्रीचरची (लढणाऱ्या प्राण्या-माणसाच्या कार्डाची) त्या टर्नपुरती कॉपी मिळते आणि ती कॉपी लगेच अटॅक करू शकते. छान आहे, पण काही धडकी भरावी असं नाही. मैत्रिणीने सहेलीला एक पॉइंट चढवला, कार्डावर फासा 4 वर ठेवला, टर्न दिला. पुढच्या टर्नला तिने 4 माना देऊन एक मांजर ठेवलं. फेलिडार गार्डियन, ईथर रिव्होल्ट सेटमधलं साधं अनकॉमन (फार दुर्मिळ नसलेलं) कार्ड, 1/4 चं, म्हणजे मारायची ताकद 1 आणि सोसायची 4. ते आलं की तुझं दुसरं एखादं कार्ड क्षणभर गेमबाहेर जाऊन परत येतं, बास.

आता बघ काय होतं. सहेलीने मांजराची कॉपी केली. कॉपी आली म्हणून तिने सहेलीला बाहेर पाठवून परत आणलं. परत आलेली सहेली म्हणजे नवी कोरी सहेली, पुन्हा 3 लॉयल्टी, या टर्नला अजून वापरलेलीच नाही. मग तिने अजून एक मांजर केलं. त्या मांजराने परत सहेलीला नवी केली. परत मांजर. मैत्रीण फासा फिरवत होती आणि मी फास्याकडे बघतच राहिले, चौथ्या-पाचव्या मांजराला माझ्या डोक्यात लख्ख झालं की हे थांबणारच नाहीये. मी हातातली कार्डं खाली ठेवली. आणि खरं सांगू, हरल्याचं वाईट वाटायच्या आधी मला इतका आनंद झाला होता की मीच उठून सगळ्यांसाठी चहा टाकला.

तर तुझा प्रश्न. नवीन कॉम्बो कार्डाची ओढ त्या कार्डात नसते, ती सांध्यात असते, दोन कार्डं जिथे एकमेकांत अडकतात तिथे. कार्ड दाखवतात तेव्हा ते अर्धंच असतं, उरलेलं अर्धं तू शोधायचं असतं, म्हणून झोप उडते. आणि त्यात जुन्या डब्यातलं एखादं धूळ खात पडलेलं कार्ड सापडलं तर मग विचारूच नको. डेमोनिक कन्सल्टेशन हे 1995 चं कार्ड, थासाज ऑरेकल 2020 चं. जुन्या कार्डावर एक असं नाव घ्यायचं जे तुझ्या डेकमध्ये नाहीच, मग ते शोधता शोधता तुझी सगळी लायब्ररी, म्हणजे उरलेली गड्डी, संपते, जी एरवी आत्महत्या आहे, पण ऑरेकल म्हणते लायब्ररी रिकामी असेल तर तू जिंकलास. एकूण 3 माना. 25 वर्षं ते कार्ड जणू याच जोडीदाराची वाट बघत होतं.

मग कंटाळा का येतो? एक म्हणजे आपण मनात डेक खेळतो तेव्हा दोन्ही कार्डं कायम हातात असतात. खऱ्या डेकचा हिशोब करून बघ. 60 कार्डांत प्रत्येकी 4-4 कॉपी टाकल्यास तरी पहिल्या 7 कार्डांत दोन्ही अर्धी मिळायची शक्यता साधारण 14.5 टक्के, आणि 10 कार्डं बघून झाल्यावर जेमतेम साडेसव्वीस टक्के. म्हणजे चार डावांतून एकदा चौथ्या टर्नला मांजरांचा पाऊस, बाकी तीन डाव तू उरलेल्या 52 कार्डांवर कसा खेळतोस त्यावर. ती 52 कार्डं कोणी प्रेमाने निवडत नाही, तिथेच डेक फसतो. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तू बहुतेक नेटवरून तयार लिस्ट उचलतोयस. म्हणजे सांधा दुसऱ्या कोणालातरी दिसला, तुला फक्त कार्ड मिळालं, मग महिन्यात कंटाळा येणारच की रे. पुढच्या वेळी असं कर, एकच कार्ड निवड, नेट बंद कर, वही घे, आणि तुमच्या पाच जणांच्या डब्यांत आधीपासून जी कार्डं आहेत त्यातूनच त्याचा जोडीदार शोध. फालतू कॉम्बो निघाला तरी चालेल, सात मानाचा निघाला तरी चालेल. आणि परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात कार्डं आईकडे दे, हे मात्र मनावर घे.

नमस्कार ताई, मी नाशिकहून लिहितेय. मुलगा अकरावीत आहे. त्याला एक कार्ड हवंय, एकच कार्ड, साडेचार हजाराचं! मी नाही म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यात एवढं काय असतं हो?

तुमचं आश्चर्य अगदी बरोबर आहे आणि त्याचा अबोलाही मला समजतो, म्हणून दोघांच्या बाजूने सांगते. पुठ्ठ्यात काही नसतं, पण त्याने त्या कार्डाभोवती मनात अख्खा डेक रचलेला असतो, आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा त्याच्या दृष्टीने ते रचलेलं सगळं कोसळलं. त्याला आज संध्याकाळी समोर बसवा आणि म्हणा, हे कार्ड काय करतं ते मला समजावून सांग. खरंच ऐका. त्याला नीट समजावता आलं तर त्याने अभ्यास केलाय, आणि नुसतं "सगळे घेतायत" असं म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैशाचं म्हणाल तर, नवीन कार्ड ज्या आठवड्यात येतं त्या आठवड्यात घ्यायचंच नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे आणि तो मोडला तेव्हा तेव्हा मला भुर्दंड बसलाय. कार्ड फारच जबरी निघालं तर ते बॅन होऊ शकतं, आणि कागदी कार्डाचे पैसे कोणी परत देत नाही. मॅजिक अरीना म्हणून याचंच फुकट डाउनलोड होणारं डिजिटल व्हर्जन आहे, तिथे कार्ड बॅन झालं की त्याच्या बदल्यात वाइल्डकार्ड मिळतं, म्हणजे तेवढ्याच दर्जाचं दुसरं कार्ड घेता येतं, तर आधी त्याने ते कार्ड तिथे असेल तर तिथेच खेळून बघावं. आणि मित्रांत खेळायचं असेल तर प्रॉक्सी करा, म्हणजे कागदावर कार्डाचं नाव आणि मजकूर लिहायचा, कुठल्याही बिनकामाच्या कार्डावर लावायचा, वरून स्लीव्ह घालायची. मित्रांना आधी सांगून केलं तर त्यात काही चुकीचं नाही, फक्त अधिकृत स्पर्धेत ते चालत नाही. दोन महिने प्रॉक्सीवर खेळूनही त्याला तेच कार्ड हवं असेल तर वाढदिवसाला घ्या, मी तुमच्या जागी असते तर घेतलं असतं. बूस्टर पॅकवर (आत कुठली कार्डं आहेत हे माहीत नसलेली बंद पाकिटं) पॅक फोडून ते कार्ड निघेल या आशेवर मात्र एक रुपयाही देऊ नका, हवं ते कार्ड सुटं विकत घेणं केव्हाही स्वस्त पडतं.

कंपनी मुद्दाम एवढी पॉवरफुल कार्डं काढते, खप होतो, आणि मग बॅन करते. ही सरळ लूट नाही का? – एक वाचक, सांगली

नवीन कार्डं जास्त आकर्षक असावीत असं कंपनीला वाटतं, त्याशिवाय नवा सेट कोण घेईल, तेवढं तुमचं मान्य. पण प्रत्येक बॅनमागे डाव असतो असं मला नाही वाटत, कारण बॅनची नाचक्की त्यांचीच होते. वर ज्या मांजराबद्दल लिहिलं, त्याचंच बघा. ती जोडी टेस्टिंगमध्ये नजरेतून सुटली हे कंपनीने नंतर मान्य केलं. 24 एप्रिल 2017 ला बॅनची यादी आली, त्यात मांजर नव्हतं, आणि दोनच दिवसांनी 26 तारखेला पुरवणी काढून ते स्टँडर्डमधून (फक्त अलीकडच्या सेटची कार्डं चालतात तो खेळाचा प्रकार) बॅन केलं. ठरवून लूट करणारा माणूस स्वतःची यादी दोन दिवसांत असा फिरवत नाही.

त्याहून बोलकं उदाहरण नाडू, विंग्ड विस्डम. जून 2024, मॉडर्न होरायझन्स 3 हा सेट. 3 मानाचा पक्षी, 3/4, उडणारा. त्याच्यामुळे तुमच्या कुठल्याही क्रीचरवर कशाचाही नेम धरला की वरचं कार्ड उघडायचं, लँड असेल तर थेट मैदानात, नाहीतर हातात. प्रत्येक क्रीचरला टर्नमध्ये फक्त दोनदा, अशी मर्यादा घातली होती. पण 2005 चं शुको नावाचं एक शस्त्र आहे, ते एका क्रीचरकडून दुसऱ्याकडे द्यायला शून्य माना लागतो. म्हणजे फुकटात नेम धरा, कार्ड घ्या, पुन्हा धरा, पुन्हा घ्या, मग पुढचं क्रीचर. आणि लँड आली की नवीन क्रीचर बनवून देणारं कार्डही त्याच सेटमध्ये होतं, त्या प्रत्येक नव्या क्रीचरला परत दोनदा. त्याच महिन्याच्या शेवटी अ‍ॅम्स्टरडॅमला झालेली प्रो टूर, म्हणजे मॅजिकची मोठी व्यावसायिक स्पर्धा, नाडूच्या डेकनेच जिंकली, आणि 26 ऑगस्टला नाडू मॉडर्नमधून (बरीच जुनी कार्डंही चालतात तो खेळाचा प्रकार) बॅन झाला. कार्ड डिझाइन करणाऱ्याने त्यावर स्वतः लेख लिहून कबूल केलं की शेवटच्या टप्प्यात कार्डाचा मजकूर बदलला आणि बदललेलं रूप टेस्टच झालं नाही. शून्य मानावाल्या गोष्टी लक्षात आल्या नाहीत.

मला नाडूचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. सहेली-मांजर दिसलं की समोरच्याला दोन मिनिटांत कळतं आपण हरलो, तो हात मिळवतो, पुढचा डाव. शिवाय मधेच सहेलीवर दोन डॅमेज मारून साखळी तोडता येते, म्हणजे त्यालाही काहीतरी करायला असतं. नाडूचा टर्न संपता संपत नाही, कारण पुढचं कार्ड काय निघेल हे माहीत नसतं, त्यामुळे "हे असंच चालू राहील, मान्य?" असं म्हणून मोकळं होता येत नाही, आणि समोरचा माणूस हातावर हात ठेवून बसून राहतो. शिवाय नाडू असला की काहीही लावा, सगळं जुळतं. शोधायला काही उरलंच नाही. असलं कार्ड बॅन झालं तर मला दुःख नाही. उलट स्प्लिंटर ट्विन जानेवारी 2016 मध्ये मॉडर्नमधून बॅन झालं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, त्यालाही जोडीदार लागायचा, चौथ्या टर्नला 4 माना मोकळे ठेवून समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागायचं. डिसेंबर 2024 मध्ये ते परत आलं, मी त्या दिवशी माझी जुनी चार कार्डं कपाटातून काढून नुसती टेबलावर मांडून ठेवली होती.

आम्ही न्यू जर्सीत चार मराठी मित्र दर महिन्याला कमांडर खेळतो. मी ऑरेकलचा कॉम्बो टाकला आणि दोनदा लवकर जिंकलो, आता बाकीचे माझ्याशी नीट बोलत नाहीत. नियमात बसतं तर चूक काय?

चूक काही नाही, पण दादा, चार जण महिन्यातून एकदा भेटतात, कोणीतरी मुलांना बायकोकडे सोपवून येतं, कोणीतरी तासभर गाडी चालवून, आणि डाव अर्ध्या तासात संपतो, तर ते हिरमुसणारच. कमांडर म्हणजे 100 कार्डं, साध्या लँड सोडल्या तर प्रत्येकाची एकच कॉपी, 40 लाइफ, सगळं मुळातच डाव लांबावा, रंगावा म्हणून. 3 मानाच्या कॉम्बोपुढे 40 लाइफला अर्थच राहत नाही. 2025 पासून कंपनीने डेकसाठी 1 ते 5 अशा ब्रॅकेट (ताकदीच्या पायऱ्या) आणल्यात, पहिल्या दोन्हींत दोन कार्डांचे इन्फिनिट कॉम्बो नकोतच, तिसरीत लवकर होणारे नकोत, आणि थासाज ऑरेकल तर ज्या कार्डांवर खास लक्ष ठेवायचं त्या गेम चेंजर यादीत आहे. पुढच्या भेटीत पत्ते पिसायच्या आधी पाच मिनिटं बोला, आज कुठल्या ब्रॅकेटला खेळायचं. तुमचा डेक मोडू नका, तो ठेवा, आणि सगळे म्हणाले की चला आज होऊन जाऊ दे, त्या दिवशी काढा. आणि मधल्या काळात त्यांच्यापैकी एखाद्याला फोन करा, कार्डांबद्दल नाही, सहजच.

मी आठवीत आहे, कोल्हापूर. माझ्याकडे मॅजिकचं एकही कार्ड नाही, चुलत भावाकडून ऐकलंय. मला कॉम्बो करून बघायचाय. पैसे लागतील का?

अजिबात नाही! वहीचं मागचं पान फाड आणि त्याचे चौकोन कर. हा या गेममधला अगदी पहिल्या वर्षीचा, 1993 चा कॉम्बो आहे, चार चिठ्ठ्या लागतात. एकीवर लिही माउंटन, ही लँड आहे, 1 लाल माना देते. दुसरीवर ब्लॅक लोटस, हिला शून्य माना लागतो आणि ती टाकून दिली की कुठल्याही एका रंगाचे 3 माना मिळतात, आपण हिरवे घेऊ. तिसरीवर चॅनल, 2 हिरव्या मानाचं, त्या टर्नमध्ये तू 1 लाइफ दिलंस की 1 माना मिळतो, हवे तेवढे वेळा. चौथीवर फायरबॉल, 1 लाल माना द्यायचा आणि वर जेवढे माना ओतशील तेवढे डॅमेज.

आता आजोबांना समोर बसव, त्यांचं लाइफ 20, तुझंही 20, आकडे कागदावर लिही. लोटस टाकलंस, 3 हिरवे. त्यातले 2 चॅनलला गेले, 1 उरला. मग तुझ्या 20 मधले 19 लाइफ देऊन टाक, 19 माना. ते 19 आणि उरलेला 1, झाले बरोबर 20. माउंटनचा लाल माना फायरबॉलला. 20 डॅमेज, पहिल्याच टर्नला. ना एक कमी ना एक जास्त, मी पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा तीनदा परत मोजला होता.

एक पाचवी चिठ्ठी पण कर, तिच्यावर काउंटरस्पेल लिही आणि आजोबांकडे दे, ते खेळलं की समोरच्याचं स्पेल रद्द होतं. त्यांना सांग, आज तुमच्याकडे तेवढे माना आहेत असं समजू, हवं तर फायरबॉलवर वापरा, नको तर नका वापरू, पण मला आधी सांगायचं नाही. मग परत पहिल्यापासून खेळ, आणि 19 लाइफ देऊन झाल्यावर, हातात 1 उरलेलं असताना, त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. काय झालं ते मला नक्की कळव.